टपालबोटीचं शेवटचं प्रकरण

३ फेब्रुवारी
नकाशांची खोली, जहाजांचं संग्रहालय

ती. काका,

वाकून नमस्कार. खरोखरच वाकलेली आहे, कारण या खोलीतलं टेबल सागरी नकाशे पसरायला केलेलं आहे, पत्र लिहायला नाही. फोनवर तुमच्यापेक्षा तुमच्या गाळ उपसणाऱ्या ड्रेजरचा पंपच जास्त बोलतो, म्हणून पत्र.

मला संग्रहालयात नोकरी लागली हे बाबांनी तुम्हाला कळवलं असेल. मी तिथे काय करते हे कळवलं नसेल, कारण ते त्यांना अजून पटलेलं नाही. "लोकांना पुस्तक वाचायला बोलावते आणि त्याचा पगार मिळतो," असं मी घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी आईकडे पाहिलं आणि आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

काम असं आहे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी संध्याकाळी गावातल्या लोकांनी या खोलीत जमायचं. समुद्राच्या इतिहासावरचं एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि त्यावर बोलायचं. नाव: इतिहास वाचन मंडळ. कल्पना माझी. काका, इतिहास फक्त विद्यापीठात शिकलेल्यांचा नसतो, तो सगळ्यांचा असतो, असं मला मनापासून वाटतं. आपल्या घरात कोणी मला हे शिकवलं नाही, पण आपल्या घराकडे बघूनच मला ते कळलं.

संचालकबाईंनी परवानगी दिली, पण एप्रिलअखेरपर्यंतच. तोवर मंडळ उभं राहिलं नाही, तर खोली समारंभांना भाड्याने जाणार. माझी जागाही या मंडळापुरतीच आहे. मंडळ संपलं की मी घरी, आणि घरी बाबांनी बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे.

आता अडचण. पहिल्या बैठकीला खोली भरली होती. दुसरीला चार जण उरले: निवृत्त पायलटसाहेब (विमानाचे नाहीत, बंदरात जहाजं आत आणणारे), एक दातांचे डॉक्टर आणि कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या मालकिणी, दोघी बहिणी. तिसरीलाही तेच चार. कुठे चुकतंय ते समजत नाही. मी सगळं नीट केलं होतं. दारात स्वागत, पाणी, आणि चर्चेची पातळी राहावी म्हणून सुरुवातीला दहा गुणांची अगदी छोटी प्रश्नपत्रिका. कोणाला लाज वाटू नये म्हणून गुण मोठ्याने वाचलेसुद्धा नाहीत. फक्त फळ्यावर लावले.

तुमची,
खारूताई

*

११ फेब्रुवारी
ड्रेजरवरून

चि. खारूताई,

आशीर्वाद पाठवतोय, नकाशाच्या टेबलावर जागा असेल तिथे ठेव.

तुझं पत्र मी जेवणाच्या वेळी सगळ्यांना वाचून दाखवलं. मी इथला सारंग, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम, त्यामुळे माझं वाचन ऐकावंच लागतं. "फक्त फळ्यावर लावले" इथे पोचलो आणि आमच्या आचाऱ्याच्या हातातली पळी पातेल्यात बुडाली. ती शोधेपर्यंत सगळे हसत होते. नंतर आचारी म्हणाला, "सारंग, तुमची पुतणी पोरांना शिकवते का?" म्हटलं, नाही रे, दातांच्या डॉक्टरला शिकवते.

कुठे चुकतंय ते समजत नाही म्हणतेस! अगं, पायलटसाहेबांना किती गुण दिलेस? एवढी जहाजं आत आणलेल्या माणसाला तू शनिवारी संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून बोलावतेस आणि नापास करतेस. तो दुसऱ्यांदा आला हेच नवल. त्याला तुझ्या मंडळाच्या दारात हार घालायला हवा.

ते पुस्तक इकडे पाठव. प्रश्नपत्रिकाही पाठव. इथे सगळे नापास व्हायला उतावीळ आहेत. इंजिनमास्तर म्हणतो, तीस वर्षांत कोणी परीक्षा घेतली नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं.

आणि कारखान्याची काळजी करू नकोस. तू तिथे गेलीस तर बर्फालाही चाचणी द्यावी लागेल आणि तो बिचारा वितळेल.

तुझा काका

*

१६ फेब्रुवारी

ती. काका,

पत्र पोचलं. माझ्या कामाने आपली व आपल्या सहकाऱ्यांची करमणूक झाली हे वाचून आनंद झाला.

एका टपालबोटीच्या अपघातावरचं हे पुस्तक रजिस्टर टपालाने पाठवत आहे. संग्रहालयाकडे त्याची ही एकच प्रत आहे आणि ते आता कुठे मिळत नाही. पानं दुमडू नयेत. त्यावर कप ठेवू नये. सभासदांसाठी मी सगळ्या प्रकरणांच्या झेरॉक्स काढल्या आहेत. फक्त शेवटचं, कप्तानाच्या चौकशीच्या निकालाचं प्रकरण मुद्दाम कोणाला दिलेलं नाही, कारण आधी शेवट वाचण्याची सवय वाईट. ते मी शेवटच्या बैठकीत मूळ पुस्तकातून वाचणार आहे. म्हणून पुस्तक त्याआधी परत हवं.

प्रश्नपत्रिका सोबत जोडली आहे. पायलटसाहेबांना तीन गुण होते.

आपली पुतणी

*

३ मार्च
ड्रेजरवरून

चि. खारूताई,

"आपली पुतणी" वाचून मी दोन दिवस टोपी काढून हिंडलो. रुसलीस की तू "आपण" वर येतेस, लहानपणापासून. तेव्हा बरं होतं, एका गोळीत मिटायचं.

आता बातमी. पुस्तक वाचून झालं. शेवटचं प्रकरण सोडून. तुझ्या सभासदांना जे मिळत नाही ते आम्ही कशाला खायचं? त्या पानांना मी स्वतः दोरा गुंडाळून खलाशाची गाठ मारून ठेवली आहे. ती सोडवायला आचाऱ्याला सुरी लागेल आणि सुऱ्या मी मोजून घेतो.

वाचन कसं चालतं सांगतो. खाडीतला गाळ उपसून पोट भरलं की आमचं जहाज तो टाकायला लांब समुद्रात जातं. त्या वाटेत हाताला काम नसतं. तेव्हा इंजिनमास्तर वाचतो, कारण त्याचाच आवाज पंपाच्या वर चढतो. ज्याला डुलकी लागेल त्याने कप धुवायचे असा नियम. टपालबोट वाळूच्या दांड्यावर चढते, पाणी आत येतं आणि कप्तान बोट हलकी करायला टपालाच्या सगळ्या थैल्या समुद्रात फेकतो, त्या प्रकरणाला कोणीच झोपलं नाही. कप तसेच पडले होते.

मग परीक्षा. निवडक उत्तरं पाठवतो.

"टपालबोट कोणकोणत्या बंदरांना लागत असे?" इंजिनमास्तर: "पुस्तकात सगळी दिली आहेत."

"थैल्या समुद्रात टाकण्याची तीन कारणे लिहा." आचारी: "एक, भीती. दोन, भीती. तीन, त्या थैल्यांत कप्तानाच्या विरुद्धचं तक्रारपत्र मालकाकडे चाललं होतं."

"कप्तानाच्या जागी तुम्ही असता तर?" मी: "कप्तान झालोच नसतो. सारंगाची चौकशी होत नाही."

हसून झालं. आता एक सांगतो, रुसू नकोस. आपल्या घरात तुझ्या आधी कोणी कुठे परीक्षा देऊन आत गेलेलं नाही. तू गेलीस. म्हणून तुला परीक्षा म्हणजे उघडलेलं दार वाटतं. बाकीच्यांना ती दारात बांधलेल्या कुत्र्यासारखी वाटते. ते आतल्या माणसांना भेटायला आलेले असतात आणि कुत्र्याकडे बघून परत जातात. तुझी आई शाळेच्या पायरीवरून परत आली होती, विचार तिला.

गुण कळव. फळ्यावर लावलेस तरी चालेल.

तुझा काका

*

१० मार्च

ती. काका,

आईला विचारलं. तिने आधी गॅस बारीक केला. मग म्हणाली, "तुझ्या काकाला नको तेवढं आठवतं." आणि भाजी ढवळत बसली. मीही पुढे विचारलं नाही.

गुण: इंजिनमास्तरांना शून्य (उत्तर बरोबर आहे, पण ते उत्तर नाही). तुम्हाला दोन. आचाऱ्यांना दीड, त्यातला अर्धा अक्षराचा. त्यांना कृपा करून समजावून सांगा की तक्रारपत्राला कसलाही आधार नाही. मूळ साधन समोर असल्याशिवाय विधान करायचं नाही, हा इतिहासाचा पहिला नियम आहे.

हाच नियम पटवावा म्हणून मी आचाऱ्यांचं उत्तर शनिवारी बैठकीत वाचून दाखवलं, अनुमान कसं करू नये याचं उदाहरण म्हणून. आणि सगळं हातातून गेलं, काका. लॉन्ड्रीतल्या थोरल्या बाई उभ्याच राहिल्या. "तक्रारबिक्रार काही नाही. पण लोकांच्या वस्तू त्याच्याकडे विश्वासाने दिलेल्या होत्या. आमच्याकडे पाणी शिरलं तर आम्ही गिऱ्हाइकाचे कपडे बाहेर टाकू का?" पायलटसाहेब म्हणाले, "बाई, थैल्या डेकवर होत्या, हाताशी. खालचा माल काढायला झाकण उघडलं असतं तर लाट आत आली असती." त्या म्हणाल्या, "उघडून बघितलं का त्याने?" डॉक्टर म्हणाले, रक्त वाहत असताना आधी जे हाताशी असेल ते करावं लागतं. धाकट्या बाई म्हणाल्या, "म्हणून तुम्ही माझी चांगली दाढ काढलीत का?"

रखवालदार कुलूप घेऊन आला तरी ते चौघे बोलतच होते. प्रश्नपत्रिका पिशवीतच राहिली. जाईपर्यंत एकानेही वही उघडली नव्हती. बैठक फसली असंच म्हणावं लागेल. पुढच्या वेळी मी वेळ आखून देणार आहे.

थोरल्या बहिणींचा आचाऱ्यांना निरोप आहे. मी तो जसाच्या तसा देते, माझं मत त्यात नाही: "ज्याला दुसऱ्याच्या थैलीत तक्रारच दिसते, त्याला स्वतःला कोणी पत्र लिहीत नसणार."

तुमची,
खारूताई

*

१९ मार्च
ड्रेजरवरून

चि. खारूताई,

तुझ्या लॉन्ड्रीवाल्या बाईंनी आमच्या जहाजाचं वाटोळं केलं. निरोप वाचला त्या दिवशी जेवणाला मीठ नव्हतं, दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं. तिसऱ्या दिवशी आचाऱ्याने कागद मागितला. त्याचा मजकूर:

"बाई, मला पत्र येतं. दर महिन्याला येतं. संघटनेचं असतं आणि छापील असतं, पण पाकिटावर नाव माझंच असतं. आता माझा प्रश्न. लॉन्ड्रीत आग लागली आणि हाताला एकच गठ्ठा लागला, तर तुम्ही गिऱ्हाइकाचे कपडे उचलाल की बहिणीचा हात धराल? खरं सांगा."

हे त्याने कोणाची मदत न घेता लिहिलं. मग मला विचारलं, "बाई कशा आहेत दिसायला?" म्हटलं, मूळ साधन समोर नाही, विधान करता येत नाही.

आणि तू. बैठक "फसली" काय! चार माणसं कुलूप लागेपर्यंत भांडतात, दाढेचा हिशेब निघतो, घरी जायला कोणी तयार नाही, आणि तू म्हणतेस फसली! बरोबर आहे, अशा गोष्टी वेळीच आवरायला हव्यात. आज चार आहेत, उद्या दहा येतील. मग त्यांना बसवणार कुठे?

तुझा काका

*

२ एप्रिल

ती. काका,

खुर्च्या संपल्या. तुमची खवचट वाणी खरी झाली.

झालं असं. थोरल्या बहिणींना आचाऱ्यांचा प्रश्न झोंबला. त्यांनी तो काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला सुरुवात केली. "तुमचे कपडे की हिचा हात?" लोक आधी हसले, मग पावती हातात धरून वाद घालायला लागले, आणि "पुढचं शनिवारी संग्रहालयात," असं सांगून बाईंनी त्यांना बाहेर काढलं. डॉक्टरांनी तोच प्रश्न दवाखान्यात चालवला. पेशंटचं तोंड उघडं आणि आत आरसा, त्यामुळे उत्तर द्यायला त्याला आमच्याकडेच यावं लागतं. गेल्या शनिवारी एक बाई इस्त्रीचे कपडे हातात घेऊनच आल्या होत्या. पायलटसाहेब खिडकीच्या कट्ट्यावर बसले. मी उभी होते.

प्रश्नपत्रिका वाटली नाही. हसू नका, फक्त जागा नव्हती म्हणून.

पण आता खरी वेळ आली आहे. संचालकबाई दारातून बघून गेल्या आणि सोमवारी मला म्हणाल्या, "गर्दी म्हणजे मंडळ नव्हे. इथे इतिहास होतो आहे की गप्पा, ते मला बघावं लागेल. पंचवीस तारखेला शेवटची बैठक ना? मी बसेन. त्यानंतर ठरवू." त्या वाईट नाहीत, काका. त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं. पण त्यांच्यासमोर दाढेचा विषय निघाला तर?

म्हणून मी सगळं नीट आखलं आहे. आधी माझं प्रास्ताविक, मग मूळ पुस्तकातून निकालाचं प्रकरण, मग माझा समारोप, आणि शेवटी, फक्त त्या दिवसापुरती, लहानशी प्रश्नपत्रिका, म्हणजे अभ्यास झाल्याचं दिसेल. पुस्तक लगेच पाठवा. त्याच्याशिवाय सगळं अडेल. हात जोडते.

तुमची,
खारूताई

*

१५ एप्रिल
ड्रेजरवरून

चि. खारूताई,

फार वाईट बातमी आहे, बसून वाच.

आठवडाभर इथे वाऱ्याने थैमान घातलं आहे. लाटा डेकवर येतात. रसद आणणारी लाँच बंद आहे. या जहाजावरून कागदाचा कपटासुद्धा किनाऱ्यावर जात नाही, मग पुस्तक कसं जाणार? पंचवीस तारखेपर्यंत काही जमेलसं दिसत नाही. मला फार वाईट वाटतं आहे. आचाऱ्यालाही वाटतं आहे, तो माझ्या शेजारी उभा राहून वाईट वाटून घेतो आहे.

आता पुस्तक नाही म्हणजे निकाल वाचता येणार नाही. तू वाचलेला आहेस, पण तोंडी सांगू नकोस हं. मूळ साधन समोर नसताना विधान करायचं नाही, असं तूच आम्हाला शिकवलंस. दीड गुण देऊन शिकवलंस. आता संचालकबाईंसमोर तूच नियम मोडलास तर आम्ही कोणाकडे बघायचं?

निकालच नाही म्हणजे समारोप कशाचा करणार? आणि प्रश्न कशावर काढणार? फारच पंचाईत झाली. त्यापेक्षा खुर्च्या मांड, चहा कर आणि शांत बस. शांत बसणं तुला कधी जमलेलं नाही, पण तू पदवीधर आहेस, शिकशील.

तुझा दुःखी काका

*

२७ एप्रिल
नकाशांची खोली

ती. दुःखी काका,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी रडले, हे आधी सांगते, म्हणजे पुढे मी जे बोलेन ते तुम्ही निमूटपणे ऐकून घ्याल.

शनिवारी बैठकीआधी संचालकबाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या. मांडीवर वही, हातात पेन्सिल. खोली गच्च भरली होती. मी प्रास्ताविकाचा कागद घडी घालून ठेवला, कारण आखलेल्यातलं काहीच होणार नव्हतं, आणि खरं तेच सांगितलं. पुस्तक जहाजावर अडकलं आहे, निकालाचं प्रकरण आज वाचता येणार नाही. कोणाला खोटं वाटू नये म्हणून साधन समोर ठेवलं, म्हणजे तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. वारा, लाटा, बंद लाँच, "कागदाचा कपटासुद्धा जात नाही."

पायलटसाहेब खिडकीतून म्हणाले, "त्या खाडीत? एप्रिलात? तिथलं पाणी आत्ता ताटात ठेवल्यासारखं असेल." मी म्हटलं, वादळ अवेळी येऊ शकतं. तेवढ्यात लॉन्ड्रीतल्या धाकट्या बहिणींनी अगदी भोळेपणाने विचारलं, "पण मग हे पत्र कसं आलं?"

काका, ते पत्र मी निदान दहा वेळा वाचलं होतं. साधनांची चिकित्सा या विषयात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

आधी डॉक्टर हसले, मग इस्त्रीवाल्या बाई, मग सगळी खोली. मीही हसले, आणि हसता हसताच मला कळलं की तुम्ही पुस्तक मुद्दाम दाबून ठेवलं आहे आणि का ठेवलं आहे. थोरल्या म्हणाल्या, "यात त्या आचाऱ्याचं अंग आहे." मग मान वर करून म्हणाल्या, "पुस्तक नाही तर नाही. चौकशी आपण करू. आमचं म्हणणं पक्कं आहे."

आणि झाली चौकशी. मी चहा ओतला आणि दाराजवळच्या स्टुलावर बसले. शांत. पायलटसाहेबांनी कप्तानाची बाजू घेतली. थोरल्यांनी पत्रं लिहिणाऱ्यांची घेतली आणि त्या आधी एका आईवर बोलल्या, जिचं मुलाला लिहिलेलं पत्र त्या थैलीत असेल. एकाने विचारलं, बोटीवर माणसं किती होती? चार जणांनी एकदम झेरॉक्सची पानं उलटली. पानं उलटली, काका! पाठ करून नव्हे, हवं होतं म्हणून. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिसऱ्या प्रकरणातली खलाशाची साक्ष आणि पाचव्यातली कप्तानाची साक्ष शेजारी शेजारी धरली आणि म्हणाले, "या दोघांतला एक खोटं बोलतोय." हे मला प्रश्नपत्रिकेत कधी विचारता आलं नसतं, कारण माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

मला मधूनमधून बोलावंसं वाटत होतं. फार वाटत होतं. मी चहाचे कप गोळा केले.

संचालकबाईंनी अर्ध्या तासात पेन्सिल बाजूला ठेवली आणि थोड्या वेळाने पायलटसाहेबांना म्हणाल्या, "माफ करा, पण झाकण उघडलं असतं तर बोट बुडालीच असती हे कशावरून?" आणि मग त्याही त्यात गेल्या.

मतं घेतली. कप्तान निर्दोष म्हणणारे आणि दोषी म्हणणारे बरोबरीत आले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

संचालकबाई म्हणाल्या, "मग चौकशीत ठरलं काय?"

मी म्हटलं, "साधन हातात नाही, बाई."

"पण तुम्ही वाचलंय ना?"

"वाचलंय."

"मग सांगा की."

काका, मी आजवर कोणत्याही बाईंना उत्तर माहीत असून नाही म्हटलेलं नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही. माझे कान तापले. मी म्हटलं, "पुढच्या बैठकीत वाचू."

"पुढची बैठक कधी आहे?"

"ते तुम्ही सांगायचं आहे."

भिंतीवर खोलीच्या बुकिंगचा फळा आहे. मेच्या दुसऱ्या शनिवारी एका निवृत्तीचा समारंभ लिहिलेला होता. संचालकबाई उठल्या, तो तळहाताने पुसला, "त्यांना खालचा हॉल देऊ" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि तिथे खडूने एकच शब्द लिहिला: कप्तान.

मला वाटलं, झालं. पण थोरल्या बहिणींनी काही सोडलं नाही. "आणि वाचणार कोण? हिची मुदत या महिन्यापर्यंतच आहे म्हणे." मी हे त्यांना कधी सांगितलं नव्हतं. लॉन्ड्रीत सगळं कळतं. पायलटसाहेब कट्ट्यावरून खाली उतरून उभे राहिले. मग डॉक्टर उभे राहिले, मग मागच्या रांगेतले, ज्यांची मला नीट ओळखही नाही ते. संचालकबाईंनी हातावरचा खडू झटकला आणि म्हणाल्या, "ते माझ्या टेबलावरचं काम आहे. सोमवारी करते."

आज सोमवार. दुपारपर्यंत काहीच झालं नाही. मी काचेच्या कपाटातल्या जहाजांची धूळ पुसत होते, तीन वेळा पुसली. चारच्या सुमारास त्यांनी बोलावलं. माझी जागा वर्षभरासाठी वाढवली आहे. खोली मंडळाकडेच राहील. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "म्हणजे लोक खरंच येतात?" मग म्हणाले, कारखान्यात नाही म्हणून सांगतो. आई मागून काहीतरी म्हणाली, तर बाबा म्हणाले, "विचारतेय, शनिवारी बाहेरच्यांना येऊ देतात का."

मी म्हटलं, तिला सांगा, येताना काही आणायचं नाही आणि काही वाचूनही यायचं नाही.

आता पुस्तक पाठवा. वाऱ्याने परवानगी दिली असेलच. किंवा सुट्टी काढून तुम्हीच घेऊन या, आचाऱ्यांनाही आणा. थोरल्यांना त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं आहे आणि शनिवारी नेसायची साडी त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवली आहे, असं धाकट्या सांगत होत्या.

एक राहिलं. सही करून मी दारापर्यंत आले, तेव्हा संचालकबाईंनी हळूच हाक मारली. बाहेर कोणी नाही ना, हे वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "मला एकटीला सांगायला काही हरकत नाही ना? सुटला की नाही, एवढंच."

मी म्हटलं, "शनिवारी, बाई. सगळ्यांबरोबर."

तुमची,
खारूताई